चहाचा थांबा

१२ नोव्हेंबर

ताई,

सहा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी तुला फोन लावण्याआधी मी तोंड धुतलं आणि केस विंचरले. फोनवर कोण बघतंय? तरी विंचरले. मग माझ्या खोलीचं दार लोटलं, घोटभर पाणी प्यायलो आणि तुला म्हणालो, "भाऊजींची तब्येत जरा जास्त आहे. मिळेल ती बस पकड आणि ये." तू विचारलंस, "शुद्धीवर आहेत का?" मी म्हणालो, "डॉक्टर त्यांच्याजवळच आहेत."

डॉक्टर जवळ होते, हे खरं. भाऊजींच्या उशाशी उभे राहून कागदावर वेळ लिहीत होते.

आई बरी आहे. हे वाक्य खरं तर सगळ्यात वर यायला हवं होतं. माझं अक्षर बघून तू दचकली असशील. सहा वर्षांत माझं हे पहिलं पत्र. तू माझा फोन घेत नाहीस, आणि चुकून घेतलास तर "बायकोला दे" एवढंच म्हणतेस. म्हणून कागद घेतला. कागदाला निदान मध्येच तोडता येत नाही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. लोकांना वाटतं, हॉस्पिटलातला सोशल वर्कर म्हणजे फुकटात औषधं मिळवून देणारा माणूस. ते करतोच. ज्याला घरी न्यायला कुणी येत नाही त्याचा एखादा पुतण्या शोधून काढायचा. दोन भावांत "तू ने, तू ने" सुरू झालं की म्हाताऱ्यासमोर ते होऊ नये म्हणून दोघांना माझ्या खोलीत आणून बसवायचं. खोली जिन्याखाली आहे, उभं राहिलं तर डोकं आपटतं, त्यामुळे भांडायला आलेला माणूस आपोआप बसतो. आणि वाईट बातमी सांगायची. ते काम डॉक्टर आनंदानं माझ्यावर सोडतात. बातमी मऊ करून सांगतो म्हणून वॉर्डातले सगळे मला 'कापूस' म्हणतात. "कापसाला बोलवा" असं कुणी ओरडलं की ओळखायचं, कुणाचं तरी काहीतरी झालं.

मला या कामाला लावणाऱ्या थोरल्या साहेबांचा एक नियम होता. मरणाची बातमी फोनवर द्यायची नाही. 'तब्येत जास्त आहे' म्हणायचं. माणूस समोर आला की खुर्चीत बसवायचं, पाण्याचा पेला हातात द्यायचा, मग सांगायचं. त्यांनी एकदा एका बापाला फोनवर खरं सांगितलं होतं. तो बाप स्कूटर काढून निघाला आणि संध्याकाळी तोही आमच्याकडेच आला, स्ट्रेचरवरून. तेव्हापासून साहेबांनी नियम केला आणि मी तो श्लोकासारखा पाठ केला. किती जणांना मी तसं बोलावलं असेल! कुणी कधी तक्रार केली नाही. तू केलीस.

तू आलीस तेव्हा तुझ्या पिशवीत भाऊजींचं दाढीचं सामान होतं आणि इस्त्रीचा शर्ट होता. आदल्या दिवशी मीच तुला घरी पाठवलं होतं, "जाऊन जरा पाठ टेक, मी आहे ना इथे." तू जिन्याखाली आलीस, घामाघूम. म्हणालीस, "आधी त्यांची दाढी करते, मग डॉक्टरांशी बोलू. इथला न्हावी ओरबाडतो म्हणत होते." मग तुला खुर्ची दिसली. शेजारी भरून ठेवलेला पेला दिसला. मला तोंड उघडावंच लागलं नाही.

नंतर व्हरांड्यात तू जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. "म्हणजे मी घरून निघाले तेव्हाच ते गेलेले होते. बस चहाला थांबायला लागली तेव्हा मी ड्रायव्हरचे पाय धरले रे. म्हटलं, माझा नवरा वाट बघतोय. सगळ्या बसनं चहा सोडला. एका आजोबांना गोळी घेण्याआधी काहीतरी खायचं होतं, तेही गप्प बसले. आणि मी सबंध रस्ता देवाला सांगत होते, मी पोचेपर्यंत त्यांना ठेव. मेलेल्या माणसासाठी. देव हसला असेल मला."

मी तेव्हा म्हणालो, "ताई, हा नियम आहे."

एवढं बोललो नसतो तरी चाललं असतं.

आईचा मागच्या आठवड्यात जरा पाय घसरला. काळजीचं कारण नाही. सवडीनं येऊन गेलीस तर तिला बरं वाटेल. घाई नाही.

तुझा धाकटा


२० नोव्हेंबर

ताई,

हिला तुझा फोन आला. तुझा निरोप हिनं जसाच्या तसा सांगितला, वर तुझ्यासारखा आवाजही काढला: "त्याला विचार, 'जरा' म्हणजे किती?"

जरा म्हणजे खुब्याचं हाड मोडलं. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. मागचं पत्र मी घरून लिहिलेलं नव्हतं. आईच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून लिहिलं. ती आमच्याच हॉस्पिटलात आहे, बायकांच्या वॉर्डात, खिडकीशेजारी. त्याच्या आदल्या रविवारी तू नेहमीसारखा फोन केलास आणि हिनं "आई झोपल्यात" म्हणून सांगितलं, तेव्हा आईला ऑपरेशनला आत नेलेलं होतं. तसं सांगायला मीच लावलं. ही माझ्यावर भडकली. "खोटं तुमचं आणि तोंड माझं का?" म्हणाली.

आता बरी सुधारतेय. सुधारतेय हे खरं आहे. जीभ तर कधी पडलीच नव्हती. शुद्धीवर आल्या आल्या मला म्हणाली, "तुझी नोकरी इथे म्हणून मी मुद्दाम पडले. सवलत मिळते ना?" शेजारच्या बाईनं विचारलं, मुलगा डॉक्टर आहे का. आई म्हणाली, "नाही हो, तो फक्त बोलतो." वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर तोंडाला पदर लावून हसत होत्या.

काल मला विचारलं, "थोरलीला कळवलंस?"

"कळवलं."

"काय कळवलंस?"

"तू बरी आहेस म्हणून."

आई म्हणाली, "मी बरी आहे तर ती कशाला येईल? बऱ्या माणसाला बघायला कोण बसचे धक्के खातं?"

मी हसण्यावारी नेलं. पण रात्रभर नाही तरी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ते पुन्हा आठवलं. शाळेत तू मला हात जोडायला शिकवलंस तेव्हापासून एक दिवस मी ती चुकवलेली नाही. हल्ली डोळे मिटले की पुढचे शब्दच येत नाहीत, तुझी बस दिसते. सगळे प्रवासी बसलेले, कुणी चहा न घेतलेले. मी विचार करतो, तुझी ती प्रार्थना वाया गेली का? एखाद्याच्या नावानं आलेलं दान तो माणूस नसला म्हणून देव परत पाठवत असेल, असं मला वाटत नाही. कुठेतरी पोचलं असेल. त्याच दिवशी आमच्या वॉर्डात एक ड्रायव्हर, ज्याची आशा सोडलेली होती, उठून बसला होता. हे तुला तेव्हा सांगावंसं वाटलं होतं. बरं झालं, नाही सांगितलं. तू मला चपलेनं मारलं असतंस.

हिला तू म्हणालीस म्हणे, "त्या हॉस्पिटलात माझं पाऊल पडत नाही." ते मला समजतं. मी रोज त्या खुर्चीसमोर बसतो.

आईशी एकदा बोल. हिच्या फोनवर. मी खोलीत नसेन.

धाकटा


२६ नोव्हेंबर

ताई,

परवा तू आईशी बोललीस. मी कबूल केल्याप्रमाणे बाहेर व्हरांड्यात होतो, पण दार उघडं होतं. आईचं सगळं ऐकू आलं. "मी ठणठणीत आहे गं. नको येऊस धावतपळत. तुझी कामं टाकून काय करायचंय इथे? चालायला लागले की मीच येते तुझ्याकडे." फोन ठेवून मला हाक मारली आणि म्हणाली, "बघ, तुझी विद्या मलाही येते."

त्या वेळी तिला धाप लागलेली होती. मला वाटलं, बोलून लागली.

पुढचं मी कसं लिहावं याचा विचार करत कागद दोनदा फाडला. तिसऱ्यांदा सरळ लिहितो. आईच्या छातीत कफ साठलाय. म्हातारपणी हाड मोडून पडून राहिलं की असं होतं, आम्ही रोज बघतो. ताप उतरत नाही. काल दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ते वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. बोलायला लागले, "आम्ही प्रयत्न करतोय, पण वय बघता…" आणि थांबले. मग कसनुसं हसून म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच लोकांना सांगता." मी मान हलवली. ऐकणाऱ्याच्या जागी असायची ही पहिलीच वेळ. त्यांनी मला खुर्ची दिली नाही. मला खरंच हवी होती.

आत गेलो तर आई जागी होती.

"काय म्हणाला?"

"औषध बदलतायत."

"मी वाचणार का?"

"डॉक्टर प्रयत्न करतायत, आई."

"हे तू लोकांना सांगतोस. मला सांग."

मी तिची चादर सारखी करत राहिलो. तिनं माझा हात हातात घेतला. माझा हात गार होता, तिचा तापानं गरम. म्हणाली, "बरं, नको सांगूस. कळलं."

ताई, तुला ते करडू आठवतं का? मी पहिलीत होतो. पांढरं, एक कान काळा. एक दिवस गोठ्यात नव्हतं. आई म्हणाली, बाजारात नेलंय, येईल. बाबाही तेच म्हणाले. मी रोज संध्याकाळी फाटकावर चढून बसायचो. घरातले सगळे बघायचे आणि कामाला लागायचे. शेवटी तू आलीस, माझ्या शेजारी फाटकावर चढलीस आणि म्हणालीस, "ते मेलं. येणार नाही. रडायचं असेल तर आत्ता रड, मी बसते." मी रडलो. अंधार पडेपर्यंत तू बसलीस. दुसऱ्या दिवशी मी फाटकावर गेलो नाही.

पहिलीतलं एवढं शिकवलेलं मी पुढे कसं विसरलो? थोरल्या साहेबांचा नियम खोटा आहे असं मला अजूनही म्हणवत नाही. तो स्कूटरवाला बाप खरा होता. पण माणसाला पडू नये म्हणून खुर्ची देणं वेगळं आणि तो वाट बघत बसलाय हे माहीत असून त्याला फाटकावर बसू देणं वेगळं. मी या दोन गोष्टी एकच समजून चाललो. तुला मी फाटकावर बसवलं, चालत्या बसमध्ये.

आणि आता हे लिहिता लिहिता लक्षात आलं की टपालाला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे मी पत्र लिहितोय तेही तेच आहे. पत्र पोचेपर्यंत जे व्हायचं ते होईल आणि मला तुझ्या कानात काही बोलावं लागणार नाही. फार हुशार माणूस आहे मी.

पत्र टाकतो, पण त्याच्या भरवशावर राहत नाही. उद्या सकाळी तुला फोन करेन. उचल.

धाकटा


२८ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुझ्या हातात देईन. काही गोष्टी तुला माहीत आहेत, तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. बोलताना मी पुन्हा कापूस लावायला लागलो, तर हा कागद असावा.

काल सकाळी हिच्या फोनवरून लावला. माझ्या फोनवरून लावला असता तर तू उचलला नसतास, ही शेवटची लबाडी समज. तू "बोल गं" म्हणालीस. मी म्हणालो, "ताई, मी आहे. आई जिवंत आहे, पण आता फार दिवस नाहीत. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, मी तुला सांगतो. तू ये."

तू म्हणालीस, "गेली ना?"

"नाही."

"खुर्ची मांडून ठेवलीस का?"

"ताई, नाही गेली. शपथ."

"मग तिला फोन दे."

आईच्या तोंडावर मास्क होता आणि ती झोपेत होती. "तिला बोलता येत नाहीये," मी म्हणालो. तू नुसतं "हं" म्हणालीस. त्या 'हं'मध्ये सगळं होतं. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. जन्मभर 'तब्येत जास्त आहे' सांगणाऱ्या माणसाच्या आईची तब्येत खरंच जास्त असली, तर त्यानं ते कुठल्या शब्दांत सांगायचं?

तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. मी वाकलो आणि फोन आईच्या मास्कला लावून धरला. ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे वाजत होते. त्यामधून तिचा श्वास. मोठ्या सिस्टर औषधाची गाडी ढकलत आल्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गाडी तिथेच थांबवली, चाकं वाजू नयेत म्हणून. माझी कंबर अवघडली. मी तसाच उभा.

मग फोनमधून तुझा आवाज आला, अगदी बारीक. "ही तीच. श्वास संपताना शिट्टी वाजते तिची. लहानपणी मी ती मोजत झोपायचे." आणि मग, "उद्या पहिल्या बसनं निघते."

आज सकाळी आई थोडा वेळ जागी झाली. मी कानाशी जाऊन म्हणालो, "थोरली निघालीय." तिनं मास्क बाजूला कर म्हणून खूण केली.

"काय सांगितलंस तिला?"

"खरं सांगितलं."

"मग येईल," म्हणाली. मास्क परत लावू दिला आणि डोळे मिटले.

ती दुपारच्या आधी गेली, ताई. तिचा हात माझ्या हातात होता. आधी शिट्टी थांबली. मग थोड्या वेळानं बाकीचं. डॉक्टर आले आणि उशाशी उभे राहून कागदावर वेळ लिहायला लागले.

तू बसमध्ये होतीस. अर्ध्या वाटेत.

मोठ्या सिस्टरनी आईचे केस सारखे केले. हे काम त्यांचं नाही, तरी केले. मग मला व्हरांड्यात नेऊन म्हणाल्या, "कापूस, तुमच्या ताई एकट्या आहेत ना बसमध्ये? पोचू द्या त्यांना. वाटेत काही झालं तर? तुमचाच नियम आहे." त्या प्रेमानं सांगत होत्या. माझ्या कितीतरी वाक्यांपैकी ते एक होतं, त्यांच्या तोंडून माझ्याकडे परत आलेलं.

मी जिन्याखालच्या खोलीत गेलो. खुर्ची तिथे होती. सवयीनं पेला भरायला हात गेला, तो मागे घेतला. खुर्ची उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवली. तिथे एक बाई लगेच तिच्यावर बसलीसुद्धा. मग माझ्या फोनवरून तुझा नंबर लावला. केस विंचरायचं सुचलं नाही.

तू माझ्या नंबरावरून आलेला फोन सहा वर्षांत पहिल्यांदाच जाणूनबुजून उचललास. मागे बसचा आवाज नव्हता.

"ताई, बस थांबलीय का?"

"चहाला थांबलीय. मीच म्हटलं ड्रायव्हरला, थांबा निवांत. बोल."

"ताई, आई गेली. आत्ता. माझ्यासमोर. रडायचं असेल तर आत्ता रड. मी फोन धरून बसतो."

मी जमिनीवर बसलो. तू रडलीस का, मला नक्की कळलं नाही. कपबशा वाजत होत्या. कुणीतरी कुणाला "सरका हो जरा" म्हणत होतं. कुठलंसं पोर हसत होतं. एका बाईचा आवाज आला, "काय झालं हो ताई?" आणि तू तिला म्हणालीस, "आई गेली माझी." तसंच, सरळ. ती बाई तुझ्याजवळ बसली असावी, कारण बाक करकरला. फोन बंद झाला नाही. मीही केला नाही.

बऱ्याच वेळानं तू विचारलंस, "शेवटचं काय बोलली?"

"तू खरं ऐकून निघालीस हे सांगितलं, तर म्हणाली, 'मग येईल.'"

"हं," तू म्हणालीस. हा 'हं' कालचा नव्हता.

मग नाक ओढलंस आणि म्हणालीस, "चहा गार होतोय. पिते आणि येते. आणि ऐक, ती खुर्ची मांडून ठेवू नकोस. हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा राहा."

धाकटा,
फाटकापाशी